चार चौकोन मोकळे

मी नर्सरीवर पोचले तेव्हा साडेचार झाले होते. बाबा स्टुलावर भिंतीकडे पाठ करून बसले होते आणि डब्यातल्या टर्पेंटाइनमध्ये ब्रश धूत होते. काम हातात असेपर्यंत बाबा भिंतीला पाठ दाखवत नसत. पाठ केली म्हणजे काम झालं, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं.

"या मास्तरीणबाई," ते म्हणाले, "तपासायला आलात ना? तपासा."

बाबा एक्केचाळीस वर्षं पेंटर होते. दुकानांचे बोर्ड, शटर, ट्रकच्या पाठी, दवाखान्यांच्या पाट्या, सगळं हाताने. आणि मी क्यूआर कोड करते. काउंटरवर चिकटवलेला पैशांचा कोड सगळ्यांना माहीत असतो, मी बाकीचे करते. पिठाच्या गिरणीच्या यंत्रावर लावायचा, जो उघडला की मागची दुरुस्ती कधी झाली ते दिसतं. शिंप्याच्या पिशवीवरचा, ज्यातून माप कळवता येतं. वाचनालयाच्या कपाटावरचा. माझा धंदा वाढला तशी बाबांची कामं कमी झाली, असं नातेवाइकांत कुणीतरी एकदा हसत म्हणालं होतं. बाबाही हसले होते. ते खरंही नव्हतं, बोर्ड छापून यायला लागले होते ते माझ्या आधीच. पण आम्हा दोघांनाही ते वाक्य विसरता आलं नाही.

नर्सरीचं काम मी घेतलं ते बाबांना डोक्यात धरून नव्हे. नर्सरीवाल्या काकूंना दिवसभर फोन यायचे. त्या पिवळ्या फुलाच्या झाडाला पाणी रोज घालायचं की दिवसाआड, सावलीत ठेवू का, पानं गळतायत तर काय करू. काकू म्हणायच्या, "लोकं झाड घेऊन जातात आणि मला सासरी पाठवलेल्या मुलीच्या आईसारखी वागवतात. रोज फोन." मग आम्ही ठरवलं की प्रत्येक कुंडीला एक नंबर द्यायचा आणि रस्त्याकडेच्या भिंतीवर एक मोठा कोड लावायचा. कोड उघडला की नंबर टाकायचा, त्या रोपाची सगळी माहिती समोर. शिवाय या आठवड्यात नवीन काय आलंय तेही.

कोड छापायला मला दहा मिनिटं लागली. तो टिकवणं मात्र जमेना. त्या भिंतीवर आतल्या फवाऱ्यांचे तुषार दिवसातून तीनदा उडतात. पहिला स्टिकर आठ दिवसांत गळून कुंपणाशी पडला. दुसऱ्यांदा मी प्लास्टिकचं आवरण घातलेला फलक लावला, तर तो उन्हात असा चमकायचा की फोनला पांढरा उजेड सोडून काही दिसेना. वर त्याच्या मागे शेवाळ. काकू म्हणाल्या, "अगं, तुझे वडील पेंटर ना? मग भिंतीवरच काढू देत की. माझं 'रोपं मिळतील' त्यांनीच काढलंय, बारा वर्षं झाली, हललेलं नाही."

मी हसले. घरी सांगितलं तेव्हा बाबा हसले नाहीत. त्यांनी चष्मा बदलला आणि छापलेला कोड खिडकीशी नेला.

"किती अक्षरं?"

"अक्षरं नाहीत बाबा. चौकोन. पंचवीस ओळी, ओळीत पंचवीस. सहाशे पंचवीस."

"आणि उद्या तिने रोपं बदलली तर पुन्हा सहाशे पंचवीस?"

"नाही. भिंतीवर फक्त एक छोटा पत्ता आहे. त्या पत्त्यावर काय ठेवायचं ते मी घरबसल्या बदलते. पत्ता मुद्दाम छोटा घेतलाय, म्हणून चौकोन कमी. लांब घेतला असता तर हजारावर गेले असते."

"म्हणजे दार मी रंगवायचं आणि आतलं सामान तू हलवायचं."

इतकं नेमकं मला माझ्या कुठल्याच गिऱ्हाइकाला सांगता आलं नव्हतं. ते वाक्य मी पुढे सर्रास वापरलं, अजूनही वापरते.

मग मी त्यांना माफीबद्दल सांगितलं. कोड तयार करतानाच त्यात चुकांची सोय ठेवता येते. साधारण चौथा हिस्सा खराब झाला, खरवडला गेला, तरी फोन उरलेल्यावरून तो ओळखतो. मी भिंतीसाठी तशीच जास्तीची सोय ठेवली होती, कारण, मनातलं सांगायचं तर, सहाशे पंचवीस चौकोनांत बाबांचे वीस-पंचवीस तरी चुकणार असं मी धरून चालले होते. त्यांचं वय एकोणसत्तर होतं.

"चौथा हिस्सा माफ?" बाबा म्हणाले. "आमच्याकडे एक अक्षर चुकलं तर शटर परत रंगवायला लावतात."

"फक्त एक गोष्ट माफ नाही. चारी बाजूंनी चार चौकोन रुंदीची जागा मोकळी सोडायची. पांढरी. एक ठिपकासुद्धा नको. कोड कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते फोनला त्या मोकळ्या जागेवरून कळतं."

"हं," बाबा म्हणाले.

बाबांच्या 'हं'चा अर्थ ऐकलं असा होता, मानलं असा नव्हे. हे मला माहीत असायला हवं होतं.

काम पाच दिवस चाललं. पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीला पांढऱ्याचे दोन हात दिले. दुसऱ्या दिवशी खडूत भिजवलेल्या दोरीने रेषा मारल्या, आडव्या सव्वीस, उभ्या सव्वीस. एक चौकोन चार सेंटिमीटरचा, सगळा कोड बरोबर एक मीटरचा. मग गडद हिरवा रंग, जवळजवळ काळा. रोज घरी आले की आईला आकडा सांगायचे. "आज नऊ ओळी." आई विचारायची, "काय लिहिलंय त्यात?" "ते मलाही माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदा काय लिहितोय ते न कळता लिहितोय. बरं वाटतं."

आणि पाचव्या दिवशी साडेचारला मी तिथे उभी होते, आणि बाबांनी भिंतीकडे पाठ केली होती.

कोड सुरेख झाला होता. कडा अशा की सुरी फिरवावी. पण त्याच्याभोवती, मी मोकळ्या सोडायला सांगितलेल्या पट्ट्यात, चारी बाजूंनी एक वेल धावत होती. त्याच गडद हिरव्यात. पानापानाला वेगळं वळण, मध्येच एक कळी, आणि कोपऱ्यात आली की तिचा कोंब खाली वाकून कोडच्या कोपऱ्यातल्या मोठ्या चौकोनाला बिलगलेला.

मी आधी रस्ता ओलांडला. बाबाही स्टूल घेऊन मागोमाग आले. बोर्ड नेहमी रस्त्यापलीकडून बघायचा, ही त्यांची रीत. लहान असताना शाळेतून येताना ते मला पलीकडे उभं करायचे आणि शिडीवरून ओरडायचे, "वाचता येतंय का?" मी ओरडायचे, "येतंय." कधीकधी "तिसरं अक्षर बुटकं झालंय" असंही. त्यावरूनच मास्तरीणबाई हे नाव पडलं. दुसरं काही त्यांनी कधी विचारलं नाही. दुसरं काही मी कधी सांगितलंही नाही.

"वाचता येतंय का?" बाबांनी विचारलं.

मी फोन धरला. काही झालं नाही. थोडी पुढे सरकले, मागे सरकले.

"नाही येत."

"ऊन असेल."

"ऊन आपल्या मागे आहे."

"मोबाइल पूस जरा. तुझा हात बघ, काय काय खाल्लंयस."

मी ओढणीने पुसला. पुन्हा धरला.

"नाही येत, बाबा. ती वेल. मी सांगितलं होतं ना, चार चौकोन मोकळे."

"मोकळं सोडलं तर अर्धवट दिसतं. बॉर्डर नसलेला बोर्ड म्हणजे कॉलर नसलेला शर्ट. घालता येतो, पण कुणी घालून लग्नाला जात नाही."

तेवढ्यात काकू पाण्याची नळी बंद करून फाटकाशी आल्या. "पेंटरदादा," त्यांनी तिथूनच हाक दिली, "वेल अशी झालीये की मघाशी मी पाणी घालायला निघाले होते."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की बघ, साक्षीदार.

"मग पुसायची म्हणतेस?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी नाही म्हणत. फोन म्हणतोय."

"फोनला काय कळतंय?"

"फोनलाच कळायला हवं ना. त्याच्यासाठीच काढलंय."

यावर ते मनापासून हसले. "हे मात्र खरं. इतकी वर्षं माणसांसाठी काढलं, माणसं निदान बॉर्डरीला नावं ठेवत नव्हती." मग उठले. "उद्या बघू. आत्ता ओल्यावर हात मारला तर वेलही जाईल आणि कोडही."

माझ्या स्कूटरवर मागे ते स्टूल मांडीवर घेऊन बसले. रस्त्यात दोनदा म्हणाले, हळू चालव. घरी चष्म्यावरून आईशी भांडण झालं, म्हणजे चष्मा त्यांच्याच खिशात होता आणि आईने तो सापडेपर्यंत सांगितलं नाही. जेवले. खिडकीशी उभं राहून हाताच्या बोटाने हवेत काहीतरी गिरवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ते दारापाशी बुटाची लेस बांधायला बसले आणि उठले नाहीत. आईला वाटलं दुसरा बूट शोधतायत. डॉक्टर म्हणाले, काही सेकंदांचा खेळ, त्यांना कळलंही नसेल. ब्रशांची पेटी दाराशी तयार ठेवलेली होती. म्हणजे ते भिंतीकडेच निघाले होते.

पुढच्या दोन आठवड्यांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. माणसं आली, बसली, गेली. त्या दिवसांविषयी मी पुष्कळ वाचलेलं होतं आणि त्यातलं काही उपयोगी पडलं नाही. एकच गोष्ट सतत वर यायची. त्या संध्याकाळी मी बाबांना पुष्कळ काही बोलले असेन, पाणी प्या, दाराला कडी लावली का, पण त्यांच्या कामाबद्दल माझा शेवटचा शब्द होता, नाही येत.

सोळाव्या दिवशी काकूंचा फोन आला.

"शनिवारी नवी शेड उघडतेय मी," त्या म्हणाल्या. "तीनशे कुंड्यांना पेंटरदादांनी काढून दिलेले नंबर लावून ठेवलेत. तू काही धावपळ करू नकोस. मला तुझा छापील कोड दे, मी आत छपराखाली खांबाला लावते, तिथे पाणी उडत नाही. भिंत तशीच राहू दे. ती वेल मी कुणाला हात लावू देणार नाही."

मी आभार मानले. त्यांचं चांगुलपणच होतं ते. फोन ठेवला आणि दिवसभर मला घरात बसवेना.

भिंत तशीच राहिली असती तर काय झालं असतं, ते मला दिसत होतं. लोक थांबले असते, किती छान म्हणाले असते, फोन काढला असता, थोडा वेळ धरला असता आणि खांदे उडवून पुढे गेले असते. न वाचता येणारा बोर्ड. बाबांच्या हिशेबी याहून वाईट काही नव्हतं. एकदा एका दवाखान्याच्या डॉक्टरांनी सोनेरी भिंतीवर पिवळी अक्षरं मागितली तेव्हा ते पेटी उचलून घरी आले होते. अशा माणसाचं शेवटचं काम एक शोभेचं चित्र म्हणून उरणार होतं, आणि तेही प्रेमापोटी.

मी नर्सरीवर गेले आणि भिंतीचा नीट समोरून फोटो काढला. घरी कॉम्प्युटरवर त्या फोटोतली वेल पांढऱ्याने झाकली आणि पडद्यासमोर फोन धरला. धरते न धरते तोच पान उघडलं.

मग मी आणखी एक गोष्ट केली, जिची गरज नव्हती. माझा मूळ कोड आणि बाबांचा कोड एकावर एक ठेवून चौकोन न् चौकोन ताडून पाहिला. मला ते वीस-पंचवीस शोधायचे होते. पंचवीस ओळी संपल्या. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

एकही चुकलेला नव्हता. इतकी माफी ठेवली होती मी. त्यांनी त्यातला एकही चौकोन वापरला नव्हता.

आई आतल्या खोलीत बाबांचे ब्रश लांबीप्रमाणे लावत होती. मी तिला सगळं सांगितलं.

"मग पूस," ती म्हणाली.

"आई, शेवटची आहे ती वेल."

"शेवटची आहे म्हणून चुकीच्या जागी ठेवायची का?" तिने कपाटाच्या खालच्या फळीकडे हात केला. तिथे फडक्यांचा गठ्ठा होता, सगळ्या रंगांनी कडक झालेला. "हा काय शोभेला ठेवलाय? जेवढं रंगवलं तेवढंच पुसलंय तुझ्या बाबांनी. स्वतःचं पुसताना कधी हात थरथरला नाही त्यांचा. आणि हवीच असेल वेल, तर खाका काढ की."

खाका म्हणजे एक साधी युक्ती. चित्रावर पातळ कागद लावून ते उतरवून घ्यायचं, रेषेरेषेवर सुईने भोकं पाडायची, मग कागद नव्या जागी धरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थोपटायची. भोकांतून पूड उतरते आणि चित्र ठिपक्यांनी तिथे येतं. एकच चिन्ह दहा दुकानांवर काढायचं असलं की बाबा खाका करायचे. म्हणजे मला तसं वाटत होतं.

"भोकं मी पाडायचे," आई म्हणाली. "त्यांचा हात जड. कागद फाडायचे आणि मला नावं ठेवायचे."

इतक्या वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

बुधवारी सकाळी आम्ही दोघी नर्सरीवर गेलो. आईला स्टुलावर बसवलं. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मी तुला सांगितलं होतं ना हात लावायचा नाही म्हणून?"

"पुसत नाही काकू. बाहेर सरकवतेय."

"वेल सरकवतेस?" त्यांनी कमरेवरचे हात काढले. मग त्यांच्यातली माळीण बोलली. "मुळासकट काढ म्हणजे झालं."

चारी बाजूंच्या चार लांब पट्ट्या मी उतरवून घेतल्या. पेन्सिल बाबांच्या रेषेवरून नेताना कळत होतं, कुठे त्यांनी ब्रश दाबलाय, कुठे उचललाय, कुठे पान रंगवता रंगवता कंटाळून लहान केलंय. वरच्या बाजूला एका ठिकाणी एक पान उलटं वळलेलं होतं, सगळी वेल डावीकडून उजवीकडे आणि ते एकटं उजवीकडून डावीकडे. तिथे त्यांना कुणीतरी हाक मारली असणार.

आईने फाटकाच्या सावलीत बसून जाड टॉवेलवर कागद पसरला आणि सुई चालवली. तीन तास. कागद कुठे फाटला नाही.

दुपारी मी भिंतीवरची वेल सँडपेपरने घासली आणि पांढऱ्याचा पहिला हात दिला. आधी ज्या कोपऱ्यात कोंब चौकोनाला बिलगला होता तिथून सुरुवात केली, कारण तिथे जर जमलं नसतं तर पुढे जमणारच नव्हतं. चौकोनाची कड सांभाळत मी कोंब झाकला. तो एकदम गेला नाही, पांढऱ्याखालून हिरवट दिसत राहिला. दुसऱ्या हातानंतर गेला. मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं होतं ते, आणि मी आईकडे पाहिलं तर ती पाहत नव्हती, सुई डबीत परत ठेवत होती.

गुरुवारी रंग वाळला. शुक्रवारी सकाळी मी चार चौकोन मोजून बाहेरची रेघ आखली, खाका लावला आणि पुरचुंडी थोपटली. वेल ठिपक्यांनी भिंतीवर उतरली, बाबांच्या हातची, फक्त बाहेर सरकलेली. वरची बाजू, खालची, डावी, उजवी.

आणि मग मला दिसलं ते मी कॉम्प्युटरवर बसून आधीच मोजायला हवं होतं. चौकट बाहेर गेली की मोठी होते. बाबांची वेल एका मीटरच्या कोडला बेतलेली. नव्या चौकटीला ती पुरत नव्हती. चारही कोपऱ्यांत दीड-दीड वीत जागा रिकामी राहत होती. वेल चार ठिकाणी तुटली होती.

"पुरत नाही," मी म्हणाले.

"ते दिसतंय," आई म्हणाली.

"तीच पानं पुन्हा उतरवली तर?"

"कोपऱ्यात वळायला लागतं. सरळ पान वळत नाही." ती उठून जवळ आली. "काढ की तू."

"मी ब्रश शेवटचा धरला तेव्हा चौदाची होते. आणि तेव्हाही ते मला फक्त आत भरायला द्यायचे. कड माझी, पोट तुझं, म्हणायचे."

"मग आता दोन्ही तुझं."

आधी मी ठिपके जोडले, त्यांची वेल पुरी केली. हे कठीण नव्हतं, त्यांचा हात पुढे होताच, मला मागून जायचं होतं. उलटं पानही उलटंच ठेवलं. मग पहिल्या कोपऱ्याशी आले तिथे पुढे कुणी नव्हतं.

पहिला कोपरा वाईट झाला. वळण मध्येच ढोपरासारखं मोडलं आणि पान पानासारखं न दिसता चमच्यासारखं दिसायला लागलं. काकू तिकडून जाताना म्हणाल्या, "हे कुठलं झाड? माझ्याकडे नाही हे." मी टर्पेंटाइनचं फडकं घेतलं आणि सगळं पुसलं. पुसताना हात थरथरला नाही. दुसऱ्यांदा ब्रश बोटांत न धरता तळहाताला टेकवून, खांद्यातून फिरवला, बाबा फिरवायचे तसा. कधी बघितलं होतं कोण जाणे, पण हाताला आठवत होतं. वळण आलं. कंबर वाकवून कुणी कोपऱ्यावरून डोकवावं तसं.

बाकीचे तीन त्यानंतर झाले. चारही एकसारखे नाहीत. बारकाईने पाहणाऱ्याला कळेल की कोपऱ्यांतली पानं थोडी रुंद आहेत आणि घाबरत घाबरत संपतात. पण वेल तुटलेली नाही. ती निघते तिथेच परत येते.

साडेचारच्या सुमारास मी ब्रश धुतले. भिंतीकडे पाठ करून.

मग स्टूल उचललं, आईचा हात धरला आणि आम्ही रस्ता ओलांडला. फवारे नुकतेच येऊन गेले होते, भिंतीच्या वरच्या अंगावर तुषार बसले होते आणि रंग त्यांना जुमानत नव्हता. कोडभोवती पांढऱ्याची रुंद मोकळी पट्टी. तिच्याबाहेर वेल. खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा जास्त शोभत होती. मोकळ्या जागेमुळे कोड उठून दिसत होता, आणि कोडमुळे वेल. बाबांना हे मान्य झालं असतं, फक्त माझ्यासमोर कबूल केलं नसतं.

काकू भिंतीशीच थांबल्या होत्या. मध्ये एक टेम्पो गेला. तो गेल्यावर त्यांनी तोंडाशी हात धरून हाक दिली, "काय गं, वाचता येतंय का?"

त्यांना काही माहीत नव्हतं. कुणीही तेच विचारलं असतं.

मी फोन उचलला. पडद्यावर तो चौकोन मावतो न मावतो तोच पान उघडलं. वर लिहिलं होतं, या आठवड्यात नवीन, आणि खाली नंबर टाकायची जागा. मी काकूंच्या हातातल्या कुंडीवरचा नंबर टाकला, दुरूनही दिसत होता, बाबांनीच काढून दिले होते सगळे. एकशे बारा. दिवसाआड पाणी, सकाळचं ऊन, पानं पुसू नयेत.

"येतंय," मी ओरडले.

काकूंनी कुंडीसकट हात वर केला आणि आत गेल्या. आई स्टुलावर बसली होती. तिने फोनकडे पाहिलं नाही, भिंतीकडे पाहत होती, आणि तिचं बोट मांडीवर वेलीच्या चालीने हलत होतं.

इतक्या वर्षांत बाबांनी विचारलं ते एवढंच, वाचता येतंय का. आणि मी तेवढंच सांगत आले, येतंय, नाही येत, तिसरं अक्षर बुटकं. त्या एक मीटरच्या कोडपाशी, पाच दिवसांच्या कामानंतर, हातातला ब्रश धूत बसलेल्या माणसाला मी आधी तेच सांगितलं. वेलीकडे पाहून माझा श्वास क्षणभर थांबला होता, ते नाही सांगितलं.

रस्त्यावर बरीच माणसं होती. मी आवाज खाली केला नाही.

"बाबा," मी म्हणाले, "फार देखणं झालंय. सगळेच बोर्ड देखणे होते."